फोन स्टुलावर, वही टीव्हीवर : रविवारी जमलेल्या ३७ शिक्षकांच्या गप्पा

द्विशिक्षकी

नमस्कार मंडळी.

जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या पट्ट्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, पट ४१, शिक्षक दोन. मागच्या रविवारी या शाळेत चार तालुक्यांतले ३७ शिक्षक स्वखुशीने जमले. कुणी पत्र काढलं नव्हतं, हजेरीपत्रक नव्हतं. प्रत्येकी १०० रुपये वर्गणी काढली आणि गावातल्या बचत गटाच्या बायकांनी भरीत-भाकरी केली. विषय एवढाच होता : वर्गात फोन, टीव्ही, संगणक यांचं आपण नक्की काय करतो.

सकाळी नऊला फळा कोरा होता. त्यावर आडवे-उभे चौकोन आखले. वरती तीन जागा लिहिल्या : वर्ग, व्हरांडा, लिंबाचं झाड. बाजूला वेळा लिहिल्या. ज्याला जे सांगायचंय त्याने स्वतःच्या हाताने खडूने चौकोनात लिहायचं. नियम दोनच. जे स्वतःच्या वर्गात केलंय तेच सांगायचं, आणि सात मिनिटांत थांबायचं, मग गप्पा. पहिली दहा मिनिटं कुणी उठेना. शेवटी चोपड्याकडच्या एक मॅडम उठल्या आणि त्यांनी लिहिलं, "टीव्ही आहे, दोन वर्षं झाली, मुलं कंटाळतात. काय करू?" मग मात्र फळ्याजवळ गर्दी झाली. निम्म्याहून जास्त चौकोन अशा प्रश्नांनीच भरले. एरवीच्या प्रशिक्षणात "मला हे जमत नाही" असं कोण म्हणतं?

या प्रश्नावर एका सरांनी जे दाखवलं त्यासाठीच हा धागा काढतोय. त्यांनी वर्गातलं लाकडी स्टूल टेबलावर ठेवलं. स्टुलाच्या फळ्यांमधल्या फटीवर फोन असा ठेवला की मागचा कॅमेरा खाली बघेल. स्टुलाखाली एका पोराची वही ठेवली. फोनचा पडदा टीव्हीवर घेतला. ४३ इंचांवर पोराचं अक्षर, खाडाखोड, सगळं दिसायला लागलं. यासाठी इंटरनेट लागत नाही. फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट वायफायने जोडले जातात, टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'स्क्रीन मिररिंग' किंवा तशाच नावाने ते सापडतं.

त्यांनी दाखवलेली वही अशी होती : ४०२ वजा १७६, उत्तर ३७४. आपण लाल फुली मारून पुढे जातो. सरांनी फुली मारली नव्हती. नाव झाकून वही टीव्हीवर ठेवली होती आणि वर्गाला विचारलं होतं, "याने काय विचार केला असेल?" तिसरीतल्या एका मुलीने सांगितलं, "त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढलंय. शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातातून शून्य काढलं." त्या पोराला वजाबाकी येत होती. हातचा घेताना दशकाच्या घरात शून्य आलं की काय करायचं, एवढंच अडलं होतं. सर म्हणाले, त्या तासाला वर्गातल्या आणखी सहा मुलांनी गुपचूप आपापल्या वह्या दुरुस्त केल्या.

मी १४ वर्षं शिकवतोय. आमच्या शाळेतही लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आहे, त्यावर मी कविता आणि व्हिडिओ दाखवत आलो. मुलं बघतात, टाळ्या वाजवतात, पण त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळत नाही. स्टुलाच्या प्रयोगात तोच टीव्ही उलट्या दिशेने चालला, मुलांकडून माझ्याकडे. माझं मत आता पक्कं झालंय. ज्या साधनाने मुलाचा विचार मला आणि वर्गाला दिसतो ते साधन आधी. बाकी सगळं वेळ उरला तर.

दुसरी चर्चा लिंबाखाली रंगली, आणि तिथे आवाजही चढले. मुलांचं वाचन ऐकून चूक-बरोबर सांगणारं एक अ‍ॅप काही जण वापरतात. आमच्याकडची मुलं घरी अहिराणी किंवा तावडी बोलतात. 'ळ'चा 'य' होतो. समोर 'केळी' लिहिलेलं असतं, मूल ते नीट ओळखतं आणि 'केयी' म्हणतं. 'डोळा'चा 'डोया' होतो, 'पाणी'चं 'पानी'. फोन तो शब्द लाल करतो. केळीच्या बागेत वाढलेल्या पोराला यंत्र सांगतं की तुला केळी हा शब्द वाचता येत नाही! एका मॅडमनी अ‍ॅप बाजूला ठेवलं आणि फोनचा साधा रेकॉर्डर घेतला. महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या शनिवारी प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं वाचन त्या रेकॉर्ड करतात आणि महिन्याअखेरीस दोन्ही रेकॉर्डिंग त्या मुलालाच ऐकवतात. "आधी मी किती थांबत होतो" हे मूल स्वतः सांगतं. दुसऱ्या एका सरांचं म्हणणं होतं की प्रमाण उच्चारही कधीतरी शिकवावा लागेलच, तोही त्या मुलाचा हक्क आहे. दोघांचंही मला पटलं.

तुमच्या वर्गात काय चालतं? आणि असे मेळावे तुमच्याकडे होतात का?

माणदेशी_बाई

फार छान लिहिलंय सर. स्टुलाची युक्ती उद्याच करून बघते.

एक मात्र मनापासून विचारते. ३७ मध्ये शिक्षिका किती होत्या? रविवार हा आमचा धुणी, दळण, मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंच्या औषधांचा दिवस असतो. "स्वखुशीने या" म्हटलं की ज्याच्या घरी दुसरं कुणीतरी स्वयंपाक करतं त्याची खुशी आधी पोचते. माझी यायची इच्छा कुणापेक्षा कमी नाही.

द्विशिक्षकी

ताई, ११ होत्या. आमच्या भागातल्या शाळांत शिक्षिका यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे तुमचा प्रश्न रास्त आहे. चार जणी मुलांना घेऊन आल्या होत्या. आम्ही पहिलीच्या वर्गात खेळणी आणि चटई टाकली होती, पण ते ऐनवेळी सुचलं. पुढच्या वेळी ते आधी कळवू. वेळही नऊऐवजी अकरा करायचा विचार आहे.

आडगावकर

सर, तुमच्या शाळेत वीज आहे म्हणून हे सगळं. आमच्याकडे बिल थकलं आणि जोडणी तोडली, पाच महिने टीव्ही बारदानात गुंडाळून कपाटात होता. संयुक्त अनुदान पटावर मिळतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये. त्यातच खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती, रंगरंगोटी आणि वीज. आमचा पट २३. टीव्ही द्यायला दाते पुढे येतात, कारण टीव्हीबरोबर फोटो निघतो. वीजबिल भरायला कुणी येत नाही.

शेवटी गावातल्या एका तरुणाने वडिलांच्या वर्षश्राद्धाला जेवणावळ न घालता शाळेचं थकलेलं बिल भरलं. त्याचं नाव आम्ही शाळेच्या दारावर लिहिलंय.

आणि फोनचं म्हणाल तर माझा स्वतःचा फोन दिवसभर माहिती भरण्यातच जातो. ही लिंक भरा, तो फोटो टाका, चारपर्यंत आकडे पाठवा. मुलांसाठी तो हातात घ्यावा तर चार्जिंग १५ टक्क्यांवर आलेलं असतं. या विषयावर तुमच्या फळ्यावर एकही चौकोन नव्हता का?

द्विशिक्षकी

होता. "फोन कुणासाठी?" असा. व्हरांड्यात सगळ्यात जास्त माणसं तिथेच होती, पण त्यातून वर्गात न्यावं असं हाती काही लागलं नाही. सगळ्यांनी मन मोकळं केलं. तेही लागतं.

सातासमुद्रापार

मी मूळचा सांगलीचा, १२ वर्षं इंग्लंडात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतोय. धागा वाचून भरून आलं, कारण इथे याच प्रकाराला 'टीचमीट' म्हणतात आणि मी अशा सात-आठ मेळाव्यांना गेलोय. सुरुवात स्कॉटलंडमध्ये एडिंबरात २००६ साली झाली, थोडे शिक्षक संध्याकाळी गप्पा मारायला जमले त्यातून. तिथेही सात मिनिटांचाच नियम आहे! ज्याला धीर होत नाही त्याच्यासाठी दोन मिनिटांचा प्रकार वेगळा. स्लाइडचा भडिमार शक्यतो टाळायचा. अमेरिकेत २०१० मध्ये फिलाडेल्फियात 'एडकॅम्प' सुरू झाला. सकाळी कोरा तक्ता, ज्याला जे सुचेल ते तो लिहितो, तुमच्या फळ्यासारखंच.

या सगळ्याच्या मागे हॅरिसन ओवेन नावाच्या माणसाची पद्धत आहे. त्याने एक मोठी परिषद भरवली, त्यासाठी खूप राबला, आणि शेवटी लोकांनी सांगितलं की खऱ्या कामाच्या गप्पा कॉफीच्या सुट्टीतच झाल्या. तेव्हा त्याने १९८५ च्या सुमारास नुसत्या सुट्टीसारखीच परिषद भरवायला सुरुवात केली. त्याचा 'दोन पायांचा नियम' प्रसिद्ध आहे : जिथे तुम्ही शिकतही नाही आणि कुणाला काही देतही नाही, तिथून उठा आणि पाय नेतील त्या गटात जा.

तुमचं स्टूल म्हणजे आमच्याकडचा व्हिज्युअलायझर. इथे वर्गात तो सर्रास असतो. त्याच्या वापरातली एक गोष्ट सांगतो. नेहमी चुकीचीच वही दाखवू नका. दोन वेगळ्या रीतींनी आलेलं एकच बरोबर उत्तर शेजारी शेजारी ठेवा आणि कोणती रीत का सोपी ते मुलांना विचारा. आणि ज्याची वही आहे त्याची आधी परवानगी घ्या, नाव झाकलं असलं तरी. मुलं एकमेकांचं अक्षर ओळखतात.

द्विशिक्षकी

परवानगीचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं. ते सर वही लावण्याआधी मुलाला 'तुझी वही दाखवू का?' असं विचारतात की नाही, त्यांना विचारून सांगतो.

फिरतीवरचा

मी निवृत्त केंद्रप्रमुख. ११ शाळांचं केंद्र नऊ वर्षं सांभाळलं. केंद्रातल्या शिक्षकांची दर महिन्याची शिक्षण परिषद घेतली, तेव्हा थोडं बोलतो.

दोन पायांचा नियम वाचायला बरा वाटतो. आपल्याकडे वयाने मोठा माणूस बोलत असताना कुणी उठून गेलं तर त्याचा अपमान होतो, आणि उठणाऱ्याच्याही मनाला ते लागतं. माझ्या परिषदेत ५५ वर्षांचे गुरुजी बोलत असताना नवा शिक्षणसेवक उठलेला मी कधी पाहिला नाही. द्विशिक्षकी सर, तुम्ही हे कसं सोडवलंत?

दुसरं, शिक्षण परिषदेला नावं ठेवणं सोपं आहे. सक्तीची होती म्हणून तरी दुर्गम शाळेतला एकटा शिक्षक महिन्यातून एकदा दुसऱ्या शिक्षकाला भेटत होता. स्वखुशीच्या मेळाव्याला मुळात उत्साही असतात तेच येतात. जो वर्गात थकलाय, ज्याला कुणाशी बोलावंसं वाटत नाही, तो रविवारी येणार नाही. मला त्याची काळजी जास्त वाटते.

द्विशिक्षकी

सर, नमस्कार. खुर्च्या ठेवल्या नाहीत एवढंच केलं. व्हरांड्यात आणि झाडाखाली सगळे उभे किंवा कट्ट्यावर. उभा माणूस सरकतो, त्यात अपमान वाटत नाही. खोलीत मात्र सतरंजी होती आणि तिथून शेवटपर्यंत कुणीही उठलं नाही, कंटाळा आला तरी. तुम्ही म्हणता ते खरं आहे.

थकलेल्या शिक्षकाबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या केंद्रातल्या अशा एका सरांना मी पुढच्या वेळी माझ्या गाडीवर घेऊन येईन.

गणितवेडी

मी त्या रविवारी होते. माझा चौकोन होता 'एक फोन, चाळीस उत्तरं'. इथे सविस्तर लिहिते, कारण सात मिनिटांत कार्डांचं राहून गेलं.

'प्लिकर्स' नावाची सोय आहे. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड द्यायचं. त्यावर काळी चौकोनी नक्षी असते, प्रत्येक कार्डाची वेगळी, आणि चार बाजूंना बारीक ए, बी, सी, डी. फळ्यावर प्रश्न आणि चार पर्याय. मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर धरून कार्ड उचलायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कुणी काय उत्तर दिलं ते नावासकट फोनवर येतं. मुलांकडे काहीच यंत्र लागत नाही. नक्षी वेगवेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवता येत नाही. कधीच हात वर न करणाऱ्या मुलीचं उत्तरही मला मिळतं, माझ्यासाठी ते सगळ्यात मोलाचं.

माझ्या अनुभवातल्या अडचणी : चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला कार्ड दिसत नाही. जाड कागदावर छापा, मागे पुठ्ठा चिकटवा. मुलांची बोटं नक्षीवर येता कामा नयेत, कडेला धरायला पहिल्याच दिवशी शिकवा. नेट लागतं, पण हॉटस्पॉटवर भागतं. आणि प्रश्न असा हवा की चुकीच्या पर्यायातूनही काही कळेल. ४०२ - १७६ ला पर्याय २२६, ३७४, ३२६, २३६ असे दिले तर ३७४ वाला कुठे अडलाय ते लगेच कळतं. कुठलेही चार आकडे टाकले तर त्या कार्डांचा उपयोग नाही.

आडगावकर

ताई, यासाठी फोन कशाला? लाल, पिवळा, हिरवा, निळा असे चार पुठ्ठे द्या प्रत्येकाला. दिसतं की कोण काय धरतंय.

गणितवेडी

दिसतं, आणि २३ मुलांत ते पुरेसंही आहे. दोन फरक पडतात. रंग शेजाऱ्याला दिसतो, तेव्हा हुशार मुलाचा रंग बघून वर्ग एकरंगी होतो. आणि माझ्या वर्गात ४४ मुलं आहेत, कुणी काय धरलं ते संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात राहत नाही. फोनमध्ये राहतं. तुमच्याकडे वीज नसेल तर पुठ्ठेच घ्या, डोळे मिटून उचलायला सांगा.

सत्तरीचो

गोव्यातून. आमच्या राज्यात सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आहे. मुलं 'स्क्रॅच'मध्ये ठोकळे जोडून प्रोग्राम करतात. ते नेटशिवाय संगणकावर बसवता येतं, त्यामुळे पावसाळ्यात लाईन गेली तरी तास बुडत नाही, इन्व्हर्टर असला म्हणजे झालं. मला आवडलेली वेळ म्हणजे प्रोग्राम चालत नाही तेव्हाची. तीन पोरं एका संगणकासमोर 'हांगा चुकलां' (इथे चुकलंय) म्हणून भांडतात, तेव्हा त्यांचा विचार तुमच्या वहीसारखाच पडद्यावर असतो.

विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' ही सिम्युलेशनंही, म्हणजे पडद्यावर करायचे प्रयोग, बघा. मराठीतही आहेत, उतरवून घेतली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतात. विजेचा परिपथ जोडायचं सिम्युलेशन माझ्या मुलांनी आधी केलं आणि मग खरा सेल, खरा बल्ब हातात घेतला. नंतर क्रम उलटा करून पाहिला. खरं आधी, पडदा नंतर, हे जास्त जमलं. खऱ्या बल्बने त्यांच्या मनात प्रश्न तयार झाला होता, पडद्यावर ते त्याचं उत्तर शोधत होते.

एक_पालक

मी शिक्षक नाही, पण एक विचारू का? घरी मुलाच्या हातातला फोन सोडवताना माझी दमछाक होते. शाळेतही पडदा आला तर आम्ही घरी काय सांगायचं?

माणदेशी_बाई

दादा, तुमची काळजी खरी आहे. या धाग्यात आलेलं एकदा पुन्हा बघा. स्टुलावरचा फोन सरांचा, कार्डं कागदाची, रेकॉर्डर मॅडमच्या हातात. मुलाच्या हातात फोन कुठेच नाही. तुमच्या शाळेत टीव्ही असेल तर त्यावर काय दाखवतात ते जाऊन विचारा. तो तुमचा अधिकार आहे.

बुलढाण्याची_लेक

माझ्या वर्गात सहावीत एक अंशतः अंध मुलगी आहे. विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा येतात, उरलेले दिवस आम्ही दोघीच. तिच्यासाठी मुलाच्या हातात फोन नको हा नियम मी मोडते. पडदा वाचून दाखवणारी 'टॉकबॅक' ही सोय अँड्रॉइड फोनमध्ये आधीच असते, वेगळी विकत घ्यावी लागत नाही. संगणकासाठी 'एनव्हीडीए' फुकट आहे आणि मराठीतही वाचतं, आवाज यांत्रिक आहे पण कळतो. मात्र फोटो म्हणून टाकलेला मजकूर या साधनांना सहसा थेट वाचता येत नाही. आपण गटावर स्वाध्यायाचा फोटो टाकतो तो तिच्यासाठी कोरा असतो. तेव्हा एक विनंती : स्वाध्याय टाईप करून टाका.

आता मी फळ्याचा फोटोही तिच्या फोनवर पाठवते. दोन बोटांनी ती तो मोठा करून बघते. पहिल्यांदा तिने फळ्यावरची आकृती स्वतः पाहिली तेव्हा म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्रिकोण वाकडा काढला."

द्विशिक्षकी

बुलढाण्याच्या ताई, स्वाध्यायाचे फोटो मीही टाकतो. आजपासून बंद.

पुढचा मेळावा परीक्षा संपल्यावरच्या दुसऱ्या रविवारी ठरतोय. वेळ अकरा ते चार, मुलांना घेऊन या, त्यांच्यासाठी वर्ग आणि दोन मोठ्या मुली सोबतीला असतील. खोलीतली सतरंजी काढणार. आणि हो, त्या स्टूलवाल्या सरांना विचारलं. ते आदल्या दिवशी मुलाला एकट्याला विचारतात, "उद्या तुझी वही लावू का?" नाही म्हटलं तर लावत नाहीत. तो ३७४ वाला पोरगा आधी दोनदा नाही म्हणाला होता.

आडगावकर

गणितवेडी ताई, पुठ्ठे केले. जुन्या वह्यांची कव्हरं, चार रंग, २३ संच, मुलांनीच कापले. काल तिसरी-चौथीला एकत्र बसवून प्रश्न घातला : एका भाकरीचा तिसरा हिस्सा मोठा की चौथा? लाल म्हणजे तिसरा, हिरवा म्हणजे चौथा, पिवळा म्हणजे सारखेच, निळा म्हणजे माहीत नाही. डोळे मिटून उचलायला लावलं. त्या दोन वर्गांत ११ मुलं. आठ हिरवे, दोन लाल, एक निळा. मी मागच्याच आठवड्यात अपूर्णांक संपवून वहीत 'पूर्ण' असं लिहिलं होतं.

आज दोन भाकरी घरून नेल्या.